पोटातली कळ आणि एकाच आडनावाची दोन औषधे

आतड्याच्या भिंतीतले स्नायू करकचून आवळले की कळ येते, सैल पडले की ओसरते. मुरड्यावरच्या गोळ्या ही आवळण सोडवतात. त्या सरसकट पोटदुखीच्या गोळ्या नव्हेत. दुखणे सुजेचे असेल, तर त्यांचा फारसा उपयोग नाही.

या औषधांचे मूळ बेलाडोनासारख्या विषारी वनस्पतींत आहे. 1830च्या दशकात तिच्यातून अ‍ॅट्रोपिन शुद्ध रूपात वेगळे झाले. मज्जातंतूच्या टोकाशी सुटणारे अ‍ॅसिटिलकोलीन स्नायूला आवळायला लावते. अ‍ॅट्रोपिन त्याची जागाच अडवून बसते. मात्र आतडे कुठले, लाळग्रंथी कुठली, हे ते पाहत नाही. कळ थांबते, पण जीभ टाळूला चिकटते, छाती धडधडते, हातातल्या कागदावरची अक्षरे पुसट होतात. 1848मध्ये अफूतून मिळालेल्या पॅपाव्हेरिनची वाट निराळी, थेट स्नायूच्या पेशीत शिरणारी. आजचे ड्रोटाव्हेरिन त्याच घराण्यातले.

खरा घोळ हायोसिनचा, म्हणजे अशाच वनस्पतींतल्या, अ‍ॅट्रोपिनच्या जातकुळीतल्या द्रव्याचा. हायोसिन हायड्रोब्रोमाइड मेंदूत पोचते, म्हणून गाडी लागण्यावर चालते आणि गुंगीही आणते. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला हायोसिनच्या रेणूला ब्युटिल गट जोडून हायोसिन ब्युटिलब्रोमाइड आले. त्या जोडामुळे रेणूतल्या नायट्रोजनवर कायमचा धनभार (धन विद्युतभार) बसला आणि मेंदूचे दार बंद झाले. युक्ती नामी, नाव मात्र घातकी. प्रवासातल्या गोळीत साधारण 0.3 मिलिग्रॅम हायड्रोब्रोमाइड असते, कळेच्या गोळीत 10 मिलिग्रॅम ब्युटिलब्रोमाइड. अर्धेच नाव वाचून मात्रा ठरवली, तर तीसपटीची चूक! नाव रसायनशास्त्राला धरून आहे, चिठ्ठी वाचणाऱ्याचा विचार त्यात कुणी केलेला दिसत नाही.

त्याच धनभारामुळे हे औषध तोंडावाटे घेतल्यावर रक्तात जेमतेम उतरते. मग गोळीचा गुण येतो कसा, हा वाद जुना आहे. ते आतड्याच्या भिंतीतच मुरते आणि तिथेच काम करते, असे समर्थक म्हणतात. मला ते पटते. शिवाय उपद्रव कमी का, याचाही उलगडा त्यात होतो.

कळेवरच्याच डायसायक्लोमाइन या आणखी एका औषधाला असा कायमचा भार नाही, ते मेंदूपर्यंत जाऊ शकते. पोटशुळाने रडणाऱ्या तान्ह्या बाळांना ते वर्षानुवर्षे थेंबांनी पाजले गेले. 1980च्या दशकात काही बाळांचा श्वास अडखळल्याच्या नोंदी आल्या, आणि सहा महिन्यांखालच्या बाळांना ते देऊ नये, असे ठरले.