ग्रेटेस्ट हिट्स

रॉक बँडची वेगवेगळ्या अल्बममधली गाजलेली गाणी वेचून एकत्र काढलेले संकलन. निवड बऱ्याचदा बँडऐवजी रेकॉर्ड कंपनीच करते. हे नाव रूढ झाले ते जॉनी मॅथिस या गायकाच्या १९५८ च्या संकलनापासून. हवे ते गाणे हवे तेव्हा ऐकता येत असताना असे संकलन कशाला, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर प्रत्येक संकलनागणिक बदलते.

ईगल्सचे फेब्रुवारी १९७६ मधले संकलन या प्रकाराचा मानदंड ठरले. १९७२ ते १९७५ मधल्या ४ अल्बममधून फक्त १० गाणी त्यात घेतली आहेत. ‘डेस्पराडो’ कधीच सिंगल (सुटे काढलेले गाणे) म्हणून आले नव्हते, तरीही ते घेतले. संकलकाचा कान दिसतो तो इथे. अमेरिकेत प्लॅटिनम (दहा लाख प्रतींचे) प्रमाणपत्र मिळालेला हा पहिलाच अल्बम. २०१८ मध्ये तो ३८ वेळा प्लॅटिनम ठरला. मात्र ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ त्यात शोधू नये; तो अल्बम त्याच वर्षी डिसेंबरात आला. या गाण्यांनंतर बँडमध्ये आलेल्या जो वॉल्शची गिटारही इथे नाही. म्हणजे हे बँडच्या पहिल्या पर्वाचे चित्र आहे, आणि तेवढ्यापुरते ते आजही उत्तम आहे.

संकलन फसते ते बहुधा मास्टरिंगमध्ये, म्हणजे छपाईआधीच्या आवाजाच्या शेवटच्या जुळवणीत. निरनिराळ्या वर्षी, निरनिराळ्या स्टुडिओत झालेली गाणी एका पातळीवर आणावी लागतात. मूळ मास्टर टेपऐवजी प्रतीची प्रत वापरली तर खरखर वाढते आणि झांजांची धार जाते. एलपीवर, म्हणजे मोठ्या विनाइल तबकडीवर, जागेचीही अडचण असते. एका बाजूला साधारण २२ मिनिटे नीट मावतात. त्याहून जास्त भरली की खाचा दाटीने कापाव्या लागतात, आवाज उतरवावा लागतो आणि बेस आटतो. क्वीनच्या १९८१ च्या संकलनाच्या ब्रिटिश आवृत्तीत १७ गाणी, सुमारे ५८ मिनिटे, एकाच तबकडीवर बसवली आहेत. नंतरच्या सीडींवर उलट दोष आढळतो: सगळेच मोठ्याने वाजावे म्हणून ढोलाचे ठोके दाबून सपाट केलेले. स्ट्रीमिंग सेवा आता सगळ्या गाण्यांचा आवाज समान करतात, त्यामुळे त्या दाबण्याचा फायदा उरत नाही, सपाटपणा मात्र राहतो.

घेण्याआधी प्रत्येक गाण्याची लांबी अल्बममधल्या लांबीशी ताडून पाहावी. ‘द डोअर्स’चे ‘लाइट माय फायर’ अल्बमवर सुमारे ७ मिनिटांचे आहे, सिंगलवर जेमतेम ३. मधले ऑर्गन आणि गिटारचे लांबलचक वादनच कापले आहे, आणि गाण्याचा जीव तर तिथेच आहे! पिंक फ्लॉइडच्या २००१ च्या संकलनात ‘एकोज’ २३ मिनिटांवरून १६ वर आणले. ज्यांची गाणी एकमेकांत मिसळत जातात, अशा बँडचे मूळ अल्बमच ऐकावेत. आवृत्तीचा देशही पाहावा: क्वीनच्या अमेरिकन आवृत्तीत ‘अंडर प्रेशर’ आहे, ब्रिटिश आवृत्तीत नाही. ‘पुनर्ध्वनिमुद्रित’ असे बारीक अक्षरांत छापले असेल तर ती गाणी नंतर नव्याने गायलेली असतात, मूळ नव्हेत.

सिंगलवर जगलेल्या बँडचे संकलन मात्र बिनधास्त घ्यावे. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलचे १९७६ चे ‘क्रॉनिकल’ २० गाण्यांत त्यांचे बहुतेक सारे सिंगल देते. दोन तबकड्या असल्याने दाटी नाही, आणि ‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन’ चांगले ११ मिनिटे, न कापता ठेवले आहे.