पीओई की पॅग? कार्बन डायऑक्साइडच्या कॉम्प्रेसरमधली दोन तेलं

दोन काचेच्या बाटल्यांत ही दोन तेलं भरून शेजारी ठेवली, तर नुसतं बघून कोणतं कोणतं हे मुरलेला तंत्रज्ञही सांगू शकणार नाही. दोन्ही कृत्रिम, दोन्ही रंगहीन किंवा फिकट पिवळी, दोन्हींची घनता पाण्याच्या आसपास, आणि झाकण उघडं राहिलं की दोन्ही हवेतला ओलावा ओढून घेतात. दोन्ही डब्यांवर ‘आर-७४४ साठी’ (म्हणजे शीतक म्हणून वापरल्या जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडसाठी) असं छापलेलं असतं, आणि ते खरंही असतं. मग ‘दोन्ही चालतात ना, जे हाताशी आहे ते टाका’ असं कुणी म्हणालं तर नवल नाही. पण कॉम्प्रेसरच्या तळाशी, पाइपात आणि इव्हॅपोरेटरमध्ये (शीतक उकळून थंडावा देतं त्या भागात) ही दोन तेलं इतकी वेगळी वागतात की एकासाठी आखलेली यंत्रणा दुसऱ्यावर चालवणं म्हणजे बेअरिंग पणाला लावणं.

आधी ती बनतात कशी ते पाहू, कारण पुढचे बरेचसे गुणदोष तिथूनच येतात. पीओई म्हणजे पॉलिओल एस्टर. पेंटाएरिथ्रिटॉलसारखं अनेक हायड्रॉक्सिल गट असलेलं अल्कोहोल आणि कार्बॉक्सिलिक आम्लं यांची अभिक्रिया होते, एस्टर तयार होतो आणि पाणी बाहेर पडतं. पॅग म्हणजे पॉलिअल्किलीन ग्लायकॉल. एथिलीन ऑक्साइड आणि प्रॉपिलीन ऑक्साइडचे तुकडे एकापुढे एक जोडून केलेली लांब साखळी. तिच्यात एस्टर बंध नसतो, ईथर बंध असतात. साध्या पॅगच्या साखळीच्या टोकांना हायड्रॉक्सिल गट असतात आणि पाण्याची ओढ बरीचशी त्यांच्यामुळे असते. म्हणून कार्बन डायऑक्साइडसाठीच्या पॅगमध्ये सहसा दोन्ही टोकं रासायनिक टोपी घालून बंद केलेली असतात. ‘डबल एंड-कॅप्ड’ हा शब्द माहितीपत्रकात आहे का, हे पाहण्यासारखं असतं.

आता मुख्य फरकाकडे वळू: तेल किती कार्बन डायऑक्साइड पोटात घेतं.

आर-१३४ए हे शीतक -१० °से. ला उकळतं तेव्हा सक्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसरमध्ये ओढल्या जाणाऱ्या वायूचा, दाब जेमतेम २ बार असतो. त्याच तापमानाला कार्बन डायऑक्साइडचा दाब सुमारे २६.५ बार असतो. म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्रँककेसमधलं (तळाच्या पेटीतलं) तेल सतत एवढ्या दाबाच्या वायूखाली बसलेलं असतं, आणि वायू त्यात विरघळत राहतो. पीओईला कार्बन डायऑक्साइड फार प्रिय. ते तो भरभरून घेतं. पॅग त्यामानाने हात राखून घेतं. वायू विरघळला की तेल पातळ होतं, आणि बेअरिंगला वाचवणारा तेलाचा पदर पातळ तेलात टिकत नाही. डब्यावरचा व्हीजी (व्हिस्कॉसिटी ग्रेड) आकडा शुद्ध तेलाची ४० °से. ची स्निग्धता, म्हणजे दाटपणा, सांगतो. बेअरिंगला मात्र शुद्ध तेल कधीच मिळत नाही, वायू मुरलेलं तेल मिळतं.

त्यामुळेच आर-१३४ए सारख्या एचएफसी शीतकांच्या अनेक पिस्टन कॉम्प्रेसरांत जिथे ३२ चं पीओई भागतं, तिथे कार्बन डायऑक्साइडच्या ट्रान्सक्रिटिकल (वायूला क्रांतिक दाबाच्याही वर नेणाऱ्या) कॉम्प्रेसरांत ८५ च्या आसपासचं पीओई भरलेलं दिसतं. बिट्झरचं बीएसई ८५के किंवा फुक्सचं रेनिसो सी ८५ ई ही ओळखीची उदाहरणं. (गंमत म्हणजे आयएसओच्या प्रमाणित श्रेणीत ६८ नंतर थेट १०० येतो. ८५ हा आकडा तिथे नाहीच. गरजेपोटी घडवलेला आहे.) पॅग कमी वायू घेतं, आणि तापमान बदललं तरी त्याची स्निग्धता पीओईपेक्षा कमी बदलते, म्हणजेच त्याचा व्हिस्कॉसिटी इंडेक्स वरचा असतो. त्यामुळे ते ४६ किंवा ६८ मध्येही काम निभावतं. फुक्सच्याच रेनिसो एसीसी मालिकेतली पॅग तेलं याच आकड्यांची आहेत. म्हणजे ‘६८ पेक्षा ८५ दाट, म्हणून जास्त सुरक्षित’ हा हिशेब दोन वेगळ्या तेलांमध्ये लावता येत नाही. चालू क्रँककेसमध्ये ६८ चं पॅग ८५ च्या पीओईपेक्षा दाट निघू शकतं.

याच मुद्द्यावर थोडं थांबायला हवं, कारण इथे आपली नेहमीची समजूत उलटी होते. तेल थंड झालं की दाट होतं, हे आपल्याला पाठ असतं. पण दाब तोच असेल तर थंड तेलात वायू जास्त विरघळतो, आणि त्यामुळे क्रँककेसमधलं थंड तेल बऱ्याचदा गरम तेलापेक्षा पातळ असतं. हीटर लावला की विरघळलेला वायू निघून जातो आणि तेल पुन्हा दाट होतं. बंद पडलेल्या कॉम्प्रेसरचा हीटरही बंद ठेवून तो थंडपणी सुरू केला, तर सक्शनचा दाब झपकन उतरतो आणि तेलात साठलेला वायू सोड्याची बाटली फोडल्यासारखा फसफसून वर येतो. साइट ग्लासमध्ये (तेलाची पातळी दाखवणाऱ्या काचेत) पातळी भरपूर दिसते, प्रत्यक्षात तो फेस असतो आणि ऑइल पंपाच्या तोंडी फेसच जातो. दोन्ही तेलांत हे होतं, पण पोटात जास्त वायू बाळगणाऱ्या पीओईत जास्त जोरात. माझ्या मते पीओईच्या यंत्रणेत क्रँककेस हीटरकडे दुर्लक्ष करणं हा तेलाचा चुकीचा ग्रेड भरण्याइतकाच मोठा दोष आहे, फक्त तो बिलात दिसत नाही.

एवढं वाचून पॅगच बरं असं वाटेल. पण तेल फक्त कॉम्प्रेसरमध्ये राहत नाही. ऑइल सेपरेटर कितीही चांगला असला तरी थोडं तेल डिस्चार्जबरोबर (दाबून बाहेर पडणाऱ्या वायूबरोबर) पुढे निघतंच, आणि वायू थंड करणारा गॅस कूलर, द्रव साठवणारा रिसीव्हर, इव्हॅपोरेटर असा पूर्ण फेरा मारून त्याला परत यावं लागतं. इथे पीओईचा तोच लोभीपणा गुण ठरतो. द्रव कार्बन डायऑक्साइडमध्ये ते नेहमीच्या तापमानांच्या बहुतेक पट्ट्यात मिसळून जातं, द्रवाबरोबर वाहतं, आणि इव्हॅपोरेटरमध्ये द्रव उकळून गेल्यावरही मागे राहिलेल्या तेलाच्या पदरात इतका वायू मुरलेला असतो की -३० °से. लाही तो सक्शनच्या वेगाने पुढे सरकतो. पॅग अंशतःच मिसळतं. प्रमाण आणि तापमान एका मर्यादेबाहेर गेलं की मिश्रणाचे दोन थर होतात: एक तेलाने भरलेला, दुसरा द्रव शीतकाने.

दोन थर झाले की वर कोण आणि खाली कोण, हा प्रश्न येतो. अमोनियाच्या प्लँटवर हात बसलेल्या माणसाला उत्तर सोपं वाटतं: तिथे तेल जड, तळाशी बसतं, खालच्या कॉकमधून काढायचं. कार्बन डायऑक्साइडमध्ये असं एकच उत्तर नाही. द्रव कार्बन डायऑक्साइडची घनता तापमानाबरोबर झपाट्याने बदलते: ० °से. ला लीटरमागे सुमारे ०.९३ किलो, -१० ला ०.९८, -३० ला जवळपास १.०८. तेलाची घनता मात्र एवढी हलत नाही. पॅग खोलीच्या तापमानाला १ च्या आसपास असतं आणि थंडीत थोडंसं वाढतं. त्यामुळे साधारण -१५ ते -२० °से. च्या दरम्यान कुठेतरी तराजू पालटतो. नेमका बिंदू तेलावर अवलंबून असतो. त्याच्या वरच्या तापमानाला तेल बुडतं, खालच्या तापमानाला तरंगतं.

एकाच बूस्टर यंत्रणेत (फ्रीझर आणि थंड कपाटं दोन्ही चालवणाऱ्या, दोन टप्प्यांत दाब वाढवणाऱ्या) याचा अर्थ काय होतो, तो बघा. ३५ बारवर चालणाऱ्या रिसीव्हरमध्ये, म्हणजे ० °से. ला, वेगळं झालेलं पॅग तळाशी जातं. त्याच प्लँटच्या -३० °से. च्या फ्रीझर बाजूला पूरित (द्रवाने भरून चालणाऱ्या, फ्लडेड) इव्हॅपोरेटरचं द्रवभांडं असेल, तर तिथे तेच तेल द्रवाच्या वर पसरतं. तळाला तेल काढायची वाट ठेवली असेल तर तिच्यातून फक्त द्रव शीतक येईल आणि तेलाची पातळी मात्र कॉम्प्रेसरमध्ये घटत राहील. कोरड्या, म्हणजे डायरेक्ट एक्सपान्शन इव्हॅपोरेटरमध्ये हा प्रश्न तितका टोकदार नसतो, कारण तिथे द्रवाचं तळं साठत नाही. वायूचा वेग पुरेसा असला की तेल ओढलं जातं. इजेक्टर (जोरदार झोताने शीतक ओढून घेणारी साधनं) आणि पूरित इव्हॅपोरेटर वापरले जातात तिथे मात्र तेल परत आणण्याची वाट आधीच आखावी लागते.

मोठ्या सुपरमार्केट रॅकमध्ये (एका चौकटीवर अनेक कॉम्प्रेसर असलेल्या यंत्रणेत) पीओईने बस्तान बसवलं, याचं एक कारण मला इथे दिसतं: पाइप लांब, इव्हॅपोरेटर अनेक, आणि त्यातली काही फ्रीझर तापमानाला. उलट आटोपशीर, एकसंध यंत्रांत तेलाचा प्रवास छोटा असतो आणि वाट ठरलेली असते. जपानमध्ये २००१ पासून विकल्या जाणाऱ्या ‘इकोक्यूट’ पाणी तापवणाऱ्या हीट पंपांपैकी बऱ्याचशांत पॅग आहे. तिथे डिस्चार्जचं तापमान चढं असतं, आणि गरम, कमी वायू घेतलेलं, दाट राहणारं तेल बेअरिंगला हवंच असतं. विद्युतरोधकपणात पीओई उजवं, ही गोष्ट ज्या कॉम्प्रेसरची विजेची मोटर तेलाच्या सान्निध्यात असते तिथे विचारात घ्यावी लागते. तरीही या जपानी यंत्रांचे कॉम्प्रेसर हर्मेटिकच (मोटरसकट सीलबंद) आहेत, म्हणजे योग्य इन्सुलेशन केलं तर पॅगही चालतं.

उरला ओलावा. इथे लोक एक वाक्य पाठ करतात: ‘पॅग जास्त पाणी शोषतं, म्हणून वाईट.’ पहिला अर्धा भाग बरोबर आहे. पण शोषलेल्या पाण्याचं पुढे काय होतं, ते जास्त महत्त्वाचं. पीओई बनताना पाणी बाहेर पडलं होतं. पुरेसं पाणी आणि उष्णता मिळाली की तीच अभिक्रिया उलटी फिरते आणि एस्टर फुटून आम्ल तयार होतं. ट्रान्सक्रिटिकल कॉम्प्रेसरमध्ये उष्णतेला तोटा नसतो. आम्ल धातू खातं, आणि झालेलं नुकसान तेल सुकवून भरून येत नाही. पॅगमध्ये फोडायला एस्टर बंधच नाही. ते पाणी हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतं. अर्थात ते अमर नाही: हवा आणि उष्णता एकत्र मिळाली की पॅगची साखळीही तुटते. म्हणून पीओईच्या तपासणीत पीपीएममधल्या ओलाव्याबरोबर आम्लांकही बघायचा. आणि तेल कुठलंही असो, मोकळं पाणी राहिलं तर कार्बन डायऑक्साइडशी मिळून कार्बॉनिक आम्ल होतं, किंवा एक्सपान्शन व्हॉल्व्हशी बर्फ साचतो. फिल्टर-ड्रायर आणि सावकाश, खोलवर ओढलेलं व्हॅक्यूम यांना दोन्हीकडे सुट्टी नाही. मात्र पीओईत एकदा मुरलेलं पाणी नुसत्या व्हॅक्यूमने निघेल, या भरवशावर राहू नये. उघडा राहिलेला डबा बाजूला टाकलेलाच बरा.

नाव एकच असलं म्हणून तेल एकच असतं, असंही नाही. आर-१३४ए च्या गाड्यांच्या एसीसाठीही पॅगच मिळतं आणि त्यावरही ४६ लिहिलेलं असू शकतं. टोकं बंद करण्याची पद्धत, घर्षणरोधी मिश्रकं, ओलाव्याची कमाल मर्यादा, सगळं वेगळं. एचएफसीच्या ६८ च्या पीओईचंही तसंच. जुन्या आर-१२ या शीतकामधल्या क्लोरीनमुळे धातूवर आपोआप एक संरक्षक थर चढायचा. कार्बन डायऑक्साइडमध्ये क्लोरीन नाही आणि बेअरिंगवरचा भार मात्र प्रचंड, त्यामुळे ते काम मिश्रकांनाच करावं लागतं. पीओई आणि पॅग एकमेकांत टाकले तर होणाऱ्या मिश्रणाची स्निग्धता आणि मिसळण्याची मर्यादा कुठल्याच तक्त्यात सापडत नाही. कॉम्प्रेसरच्या पाटीवर जे तेल लिहिलंय, टॉप-अपलाही तेच.

पाटी पुसली गेली असेल आणि नोंदवही हरवली असेल, तर वास, रंग किंवा बोटांत घोळवून काही कळत नाही. पाण्याचा थेंब टाकून बघण्याची युक्तीही फसवी, कारण प्रॉपिलीन ऑक्साइडपासून बनलेलं, टोकं बंद केलेलं पॅगही पाण्यात धड मिसळत नाही. त्यापेक्षा थोडं तेल कोरड्या, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरून प्रयोगशाळेत अवरक्त वर्णपटासाठी पाठवावं. १७४० प्रति सेंटीमीटरच्या आसपास मोठं शिखर दिसलं तर ते एस्टरचं, म्हणजे पीओई. तिथे काही नसून ११०० च्या जवळ रुंद, दणकट शिखर असेल तर पॅग. दोन्ही ठिकाणी ठळक शिखरं आली, तर आधीच्या कुणीतरी दोन्ही तेलं एकत्र केली असण्याचा संशय घ्यावा. मिश्रणच निघालं, तर सगळं तेल काढून यंत्रणा धुण्यावाचून मार्ग नाही.