चेतापेशींची वाटचाल: मेंदू घडताना लागणारा जोर

नागपूरच्या धंतोलीतल्या एखाद्या सोनोग्राफी सेंटरमध्ये विसाव्या आठवड्याच्या तपासणीला आलेलं जोडपं स्क्रीनवर बाळाचे हातपाय आणि हृदयाचे ठोके शोधत असतं. त्या वेळी बाळाच्या डोक्यात जी लगबग चालू असते, ती मात्र स्क्रीनवर दिसत नाही. मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या बहुतेक चेतापेशी तिथे जन्मतच नाहीत. त्या तयार होतात खोल आत, द्रवाने भरलेल्या पोकळ्यांच्या काठाशी, आणि तिथून वर प्रवास करतात. साधारण बाराव्या ते चोविसाव्या आठवड्यात हे स्थलांतर अगदी भरात असतं.

लांबलचक आधारपेशींचे तंतू धरून चेतापेशी वर सरकतात, हे मेंदूशास्त्रज्ञ पास्को राकिक यांनी 1972 मध्ये माकडाच्या गर्भाच्या मेंदूत दाखवलं. नंतर जन्मलेल्या पेशी आधीच्यांना ओलांडून त्यांच्याही वर जाऊन बसतात. त्यांना वाट दाखवणाऱ्या रसायनांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. पण वाट कळली म्हणून पेशी पोचत नाही, त्यासाठी जोर लावावा लागतो. मला सगळ्यात थक्क करतो तो हाच भाग.

खरी अडचण असते केंद्रकाची. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपुरात इतवारीच्या गल्ल्यांतून मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, तेव्हा माणसं कशीही वाट काढतात, खोळंबा होतो तो उंच पुतळ्यापाशी. पेशीतही सगळ्यात मोठी आणि टणक वस्तू म्हणजे केंद्रक, आणि भोवतालच्या फटी बहुधा त्याच्याहून अरुंद. म्हणून पेशी आधी पुढे बारीक सोंड काढते. केंद्रकाच्या थोडं पुढे त्या सोंडेला फुगवटा येतो आणि सेंट्रोसोम नावाचा लहानसा भाग त्यात सरकतो. तिथून मागे केंद्रकापर्यंत सूक्ष्मनलिका पसरलेल्या असतात. त्यांच्या आधाराने डायनिन हे प्रथिन केंद्रकाला पुढे ओढतं. मागच्या बाजूला मायोसिन, म्हणजे ज्याच्यामुळे आपले स्नायू आकुंचन पावतात त्याच कुळातलं प्रथिन, पेशी आवळून केंद्रकाला ढकलतं. केंद्रक दबतं, लांबुळकं होतं आणि एका झटक्यात पुढे येतं. मग थोडी विश्रांती, मग पुन्हा सोंड.

पेशीला आजूबाजूचा मऊ-कडकपणाही कळतो. बेडकाच्या गर्भात चेहऱ्याची हाडं आणि काही चेतापेशी घडवणाऱ्या पेशींचा एक गट असतो. खालची ऊती पुरेशी कडक झाली की तो गट चालू लागतो, असं जीवशास्त्रज्ञ रॉबेर्तो मायोर यांच्या संशोधक गटाने 2018 मध्ये दाखवलं. ऊती वेळेआधी कडक केली, तर पेशीही वेळेआधी निघाल्या. बेडकाच्याच डोळ्यातून मेंदूत वाढत जाणारे चेतातंतू उलट मऊ बाजूकडे वळतात. त्यांना हा फरक जाणवून देण्यात पिएझो-1 या प्रथिनाचा हात असतो. ताण पडला की उघडणारी ही पेशीच्या पटलातली झडप आर्डेम पातापुटियन यांच्या प्रयोगशाळेने 2010 मध्ये शोधली आणि 2021 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

ही ओढाताण बिघडली तर काय होतं, ते लिसेनसेफाली या विकारात दिसतं. डायनिनच्या मदतीला लिस-1 नावाचं प्रथिन असतं. त्याच्या जनुकाची एक प्रत बिघडली की पेशी अर्ध्या वाटेत अडकतात, मेंदूला वळ्या पडत नाहीत, तो जवळजवळ गुळगुळीत राहतो. अशा मुलांना फिट्स येतात, वाढ मागे पडते. विसाव्या आठवड्यात निरोगी बाळाचाही मेंदू बराचसा गुळगुळीतच असतो, त्यामुळे त्या सोनोग्राफीत हा दोष सहसा लक्षात येत नाही. निदान पुढे एमआरआयवर होतं, आणि मग घरात आईकडे बोटं वळतात. ग्रहणात भाजी चिरली होती का, पपई खाल्ली होती का, असले प्रश्न तिला ऐकावे लागतात. लिस-1 मधला बिघाड बहुतेक मुलांमध्ये नव्यानेच झालेला असतो, आई-वडील दोघांच्याही रक्ततपासणीत तो सापडत नाही. ग्रहणाशी आणि पपईशी त्याचा काडीचाही संबंध नसतो.