बिब्ब्याच्या पोटातली गोडंबी

डिंकाच्या लाडवात दाताखाली येणारी गोडंबी आणि लिंबू-मिरचीसोबत दुकानाच्या दारावर टांगलेला काळा बिब्बा, दोन्ही एकाच फळातले. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर. मराठवाड्यात गोडंबी आवडीनं खाणाऱ्या कित्येक पोरांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही.

किनवट-माहूरच्या जंगलात सागाच्या सोबतीनं बिब्बा वाढतो. पानं हातभर लांब, उन्हाळ्यात गळणारी. हिवाळ्यात फळं धरतात तेव्हा झाडाखाली थांबून बघावं: देठाचा भाग फुगून नारिंगी, रसाळ झालेला आणि त्याच्या टोकाला काळं, चकचकीत बी. काजूचं बोंड आठवलं ना? बरोबर आहे, काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले. नारिंगी भाग वाळवून खातात.

काळ्या टरफलाला मात्र जपून हात लावावा. त्याच्या जाडीत मधाच्या पोळ्यासारखे बारीक कप्पे असतात आणि त्यांत दाट तेल भरलेलं असतं. हवा लागली की ते काळंभोर होतं. धोबी याच तेलानं कपड्यांवर खुणा करत; वर चुना लावला की खूण पक्की, कितीही धुवा. झाडाचं शास्त्रीय नाव सेमेकार्पस, म्हणजे ग्रीकमध्ये ‘खुणेचं फळ’.

हेच तेल अंगावर उततं. त्यातली रसायनं कातडीत शिरून तिथल्या प्रथिनांना चिकटतात. मग शरीराच्या रक्षक पेशी स्वतःच्याच कातडीला परकी समजून तिच्यावर तुटून पडतात. म्हणून बिब्बा लगेच उतत नाही. दिवस-दोन दिवसांनी खाज सुटते, फोड येतात. कैरीच्या चिकानं ओठ उततात, तेही याच जातीच्या रसायनांमुळे. तेल लागलं तर जागा लगेच साबणानं धुवावी.

आयुर्वेदात बिब्बा म्हणजे भल्लातक. वैद्य तो विटेच्या चुऱ्यात घोळून, घासून आधी शुद्ध करतात, कारण चुरा तेल शोषून घेतो. घरी असले प्रयोग कुणीही करू नयेत.

गोडंबी काढायची तर एकेक बिब्बा दगडावर ठेवून फोडावा लागतो. हे काम बहुतेक बायाच करतात. घाव जोरात बसला तर गर चुरतो, हलका बसला तर टरफल उलत नाही, आणि प्रत्येक घावाला तेलाचा शिंतोडा उडतो. मूठभर अख्खी, पांढरी गोडंबी जमेपर्यंत त्यांची बोटं काळी पडलेली असतात, आणि तो काळा रंग कातडी निघाल्याशिवाय जात नाही.