वेल्डच्या पोटातला ताण मोजायचा कसा?

बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. लोखंडी धाव चाकापेक्षा जराशी लहानच करतात, लाल तापवून मोठी करतात, चाकावर बसवतात आणि वरून पाणी ओततात, मग ती आकसते आणि अख्खं चाक आवळून धरते. गार झाल्यावर बाहेरून काही दिसत नाही, पण धाव कायम ओढलेली आणि लाकूड कायम दाबलेलं. वेल्डमध्ये नेमकं हेच होतं, फक्त तिथे ते कुणाला नको असतं.

वितळलेलं मेटल साधारण १५०० डिग्रीवरून खाली येतं, त्याला आकसायचं असतं आणि शेजारची गार जाड प्लेट आकसू देत नाही. हिशोब करून बघा. स्टील १०० डिग्री गार झालं की मीटरमागे १.२ मिमी आकसतं, तेवढं पूर्ण अडवलं तर साधारण २४० मेगापास्कल ताण तयार होतो, आणि साध्या कार्बन स्टीलचा यील्ड, म्हणजे ज्या ताणाला ते कायमचं लांबायला लागतं तो, असतोच २५०च्या आसपास. म्हणजे शेवटचे १०० डिग्रीच पुरेसे आहेत, वरच्या १४०० डिग्रीचं तर सोडूनच द्या! म्हणून लांब सीममध्ये, म्हणजे वेल्डच्या लांब जोडात, वेल्डच्या दिशेने ओढ यील्डपर्यंत जाते आणि बाजूच्या प्लेटमध्ये तिला तोलणारा दाब बसतो. वेसल, म्हणजे प्रेशर सोसणारी टाकी, रिकामी पडलेली असली तरी हे सगळं आत चालूच असतं.

गंमत म्हणजे शेलची, म्हणजे वेसलच्या भिंतीची, जाडी काढायच्या फॉर्म्युल्यात हा ताण कुठेच येत नाही. आणि ते चूकही नाही, कारण चिवट स्टील जास्त ताण आला की थोडं लांबतं आणि अडकलेला ताण तिथेच ढिला पडतो, हायड्रो टेस्टमध्ये, म्हणजे पाणी भरून घेतलेल्या चाचणीत, १.३ पट प्रेशर दिलं की टोकाचे ताण असेच थोडे उतरतात. पण क्रॅकला ताण कुठून आला याच्याशी देणंघेणं नसतं. कॉस्टिक, क्लोराइड, ओला हायड्रोजन सल्फाइड, नाहीतर थंडीत ठिसूळ झालेलं जाड स्टील, अशा ठिकाणी हा आतला ताणच क्रॅकला पुढे ढकलतो.

आता मोजायचं कसं? खरं सांगायचं तर ताण थेट मोजताच येत नाही, मोजता येते ती धातूची हालचाल. त्यातली मला सगळ्यात आवडणारी पद्धत म्हणजे भोक पाडणं. योसेफ माथार यांनी १९३४ मध्ये ही मांडली. पृष्ठभागावर तीन दिशांचे स्ट्रेन गेज (धातू किती ताणला-आकसला ते सांगणाऱ्या बारीक पट्ट्या) असलेली छोटी चकती, म्हणजे रोझेट, चिकटवायची आणि तिच्या बरोब्बर मध्ये साधारण २ मिमीचं भोक थोडं थोडं करत खोल न्यायचं. ड्रिल हवेवर फिरणारं, दाताच्या डॉक्टरकडे असतं तसलं, कारण जोर लावून भोक पाडलं तर ड्रिलच नवीन ताण घालून ठेवेल. तिथलं मेटल गेलं की आजूबाजूचं किंचित सैल होतं, मीटरमागे ०.१ मिमी अशा हिशोबाचं, आणि तीन गेजच्या रीडिंगवरून आधी ताण किती आणि कुठल्या दिशेला होता ते काढतात. पण हे फक्त वरच्या मिलिमीटरभराचं उत्तर, आणि ताण यील्डच्या जवळ असला की भोकाची कड स्वतःच यील्ड होते, मग आकडा खऱ्यापेक्षा मोठा येतो. वेल्डजवळ तर नेमकं तेच असतं, म्हणून तो आकडा डोळे मिटून घेऊ नये.

एक्स-रेने भोक न पाडता अणूंच्या थरांमधलं अंतर मोजतात, पण स्टीलमध्ये ते किरण काही मायक्रॉनच आत जातात, वरून ग्राइंडर फिरवला असेल तर तुम्ही वेल्डचा नाही, ग्राइंडरचा ताण मोजताय. न्यूट्रॉन काही सेंटिमीटर आत जातात, त्यासाठी मात्र जॉबचा नमुना अणुभट्टीशी किंवा इंग्लंडमधल्या आयसिस प्रयोगशाळेसारख्या मोठ्या न्यूट्रॉन सोर्सकडे न्यावा लागतो. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या माइक प्राइम यांनी २००१ मध्ये मांडलेली काँटूर पद्धत मला फार सुंदर वाटते: नमुना वायर कटने, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी कापणाऱ्या बारीक तारेने, सरळ कापायचा, कापलेला भाग काही मायक्रॉन फुगतो नाहीतर खचतो, तो उंचसखलपणा मोजायचा आणि कॉम्प्युटरमध्ये परत सपाट दाबायला किती ताण लागतो ते काढायचं. अख्ख्या जाडीचा नकाशा मिळतो, नमुना मात्र गेला.

डिसेंबर १९६५ मध्ये इंग्लंडच्या इमिंगहॅममधल्या अमोनिया प्लांटसाठी बनवलेलं, जवळजवळ १५० मिमी जाडीचं वेसल कारखान्यात हायड्रो टेस्ट चालू असतानाच फुटलं, सुमारे २ टनांचा तुकडा ४६ मीटर लांब जाऊन पडला. सुरुवात झाली वेल्डशेजारच्या छोट्या क्रॅकपासून, आणि तपासात निघालं की स्ट्रेस रिलिव्हिंग, म्हणजे ताण उतरवायला वेसल तापवून सावकाश गार करणं, करताना एका भागाला हवं ते तापमान मिळालंच नव्हतं. कार्बन स्टीलला एएसएमई कोड (वेसल बनवायचे अमेरिकन नियम) साधारण ५९५ डिग्री आणि २५ मिमीला एक तास असं सांगतो ते यासाठीच, पण चार्टवर दिसतं ते थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, लावलेल्या जागेचं तापमान, शेजारच्या नोझलचं (पाइप जोडायच्या तोंडाचं) नाही.

आणि एवढं करूनही ताण शून्य होत नाही. ब्रिटिश स्टँडर्ड बीएस ७९१० मध्ये क्रॅक तपासताना स्ट्रेस रिलीव्ह केलेल्या वेल्डला यील्डच्या ३० टक्के लांबीच्या दिशेने आणि २० टक्के आडवा धरतात, न केलेल्याला सरळ यील्डइतका. त्याहून कमी धरायचं तर मोजमापासारखा ठोस आधार हातात हवा. आणि मोजायचंच असेल तर पहिली रोझेट जिथे गाउजिंग करून, म्हणजे खराब भाग कोरून काढून, वेल्ड रिपेअर केलाय तिथे लावा, कारण छोट्या खोल रिपेअरला चारी बाजूंनी प्लेट धरून ठेवते आणि तिथला आडवा ताण मूळ सीमपेक्षा बऱ्याचदा जास्त निघतो.