घासून घडलेली घळ

अमेरिकेच्या युटा राज्यातल्या झायन राष्ट्रीय उद्यानात ‘कीहोल’ नावाची एक छोटीशी घळ आहे. दोन-तीन तासांत संपते. दोर लावून उतरायचे टप्पेही मोजकेच, सगळ्यात मोठा साधारण दहा मीटरचा. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या धबधब्यांवर रॅपलिंग करणाऱ्यांना हे किरकोळ वाटेल. पण आत शिरलं की खांदे दोन्हीकडच्या भिंतींना टेकतात, डोक्यावर आभाळाची नुसती फीत उरते आणि बाहेर रणरणतं ऊन असलं तरी आतल्या पाण्यात दात वाजायला लागतात. ही घळ घडली ती घर्षणाने, आणि माणूस तिच्यात उतरतो तोही घर्षणाच्याच भरवशावर. मला तिचं अप्रूप आहे ते यासाठी.

भिंतीवरून तळहात फिरवला तर तांबूस वाळूचे कण हाताला चिकटतात. हा खडक म्हणजे ‘नवाहो वालुकाश्म’. सुमारे १८ ते १९ कोटी वर्षांपूर्वी इथे वाळवंट होतं. वाऱ्याने टेकड्या रचल्या, त्या एकावर एक गाडल्या गेल्या आणि भूजलातल्या चुन्याने व लोहाच्या संयुगांनी कण एकमेकांना सांधले. भिंतीवरच्या तिरक्या रेघा म्हणजे त्या टेकड्यांचे उतार. आपली सांदण दरीही अशीच अरुंद, पण तिचा खडक लाव्ह्याचा बेसाल्ट. इथे मात्र दगड म्हणजे नुसती धरून ठेवलेली वाळू.

त्या दगडाला उभ्या भेगा असतात. पावसाचं पाणी भेगेत शिरतं आणि वाटेतली वाळू, गोटे घेऊन धावतं. पाणी एकटं फारसं कापत नाही, कापते ती त्यातली वाळू, कानस फिरवल्यासारखी. पावसाळी मुलखात एकीकडे तळ खोल होतो आणि दुसरीकडे कडा ढासळत राहतात, त्यामुळे दरी रुंद होते. वाळवंटात पाऊस इतका कमी की भिंती बऱ्याचशा तशाच उभ्या राहतात, आणि वर्षातून मोजक्या वेळा येणारा लोंढा तेवढा तळ खरवडत जातो.

हा लोंढाच जीवघेणा. वरच्या उघड्या कातळावर ना माती ना गवत, त्यामुळे पाणी फारसं मुरतच नाही. एक चौरस किलोमीटरवर नुसता १० मिलिमीटर पाऊस पडला तरी एक कोटी लिटर पाणी होतं. त्यातलं बरंचसं एकाच फटीकडे धावतं. समजा सेकंदाला १५ घनमीटर पाणी येतंय, वेग सेकंदाला ३ मीटर आणि फट एक मीटर रुंद. मग पाण्याची उंची ५ मीटर होणार, दुसरा मार्गच नाही. आणि पाऊस डोक्यावर पडायलाच हवा असंही नाही. ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यन या घळीच्या वरच्या भागाचं, तिथल्या मूळ रहिवाशांच्या नवाहो भाषेतलं नाव ‘त्से बिघानिलीनी’, म्हणजे खडकांतून पाणी वाहतं ती जागा. १२ ऑगस्ट १९९७ रोजी कित्येक मैल दूर कोसळलेल्या पावसाचं पाणी त्याच घळीच्या खालच्या भागात आलं आणि ११ पर्यटक गेले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी कीहोलमध्ये उतरलेला सात जणांचा गट असाच लोंढ्यात सापडला. सातही जण दगावले.

लोंढा ओसरला की तळाच्या खळग्यांत पाणी साचून राहतं. कुकडी नदीवरचे निघोजचे रांजणखळगे ज्यांनी पाहिलेत त्यांना हे लगेच ओळखू येतील. भोवऱ्यात दगडगोटे गरगर फिरून ते कोरले जातात. काही घळींत ते इतके खोल आणि गुळगुळीत असतात की पाणी कमी असलं तर काठ हातालाच येत नाही. ऊन तळापर्यंत पोचत नाही म्हणून पाणी गार राहतं, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणून भर वाळवंटात लोक वेटसूट, म्हणजे पाण्यात ऊब देणारा रबरी पोशाख, घालतात.

आता दोर. ८० किलोचा माणूस दोन बोटांच्या जोरावर कसा उतरतो? होडीचा दोर धक्क्यावरच्या खुंटाला गुंडाळणाऱ्या कोळ्यांना याचं उत्तर हातानेच ठाऊक असतं. प्रत्येक वेढ्याबरोबर पकड बेरजेने नाही, गुणाकाराने वाढते. घर्षणांक ०.३ धरला तर एका वेढ्याने ताण साडेसहा पट कमी होतो, दोन वेढ्यांनी ४३ पट. म्हणजे ८० किलोचा भार धरायला दोन किलोची ओढ पुरते. दोर ज्यात अडकवून उतरतात तो धातूचा डिसेंडर हेच करतो, दोराला पुरेशी वळणं देतो. घळीत वापरायचे दोर बहुधा ८-९ मिलिमीटरचे, बारीक असतात. ते जास्त सरकतात, म्हणून एखादं वळण वाढवावं लागतं.

अडवलेली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. दहा मीटर उतरताना सुमारे ७,८०० ज्यूल. ती सगळी १०० ग्रॅमच्या ॲल्युमिनियमच्या डिसेंडरमध्येच साठली तर त्याचं तापमान ८५ अंश सेल्सिअसहून जास्त वाढेल. प्रत्यक्षात बरीचशी दोरात आणि हवेत जाते, तरी लांब टप्पा झपाट्याने उतरल्यावर डिसेंडरला बोट लावलं तर चटका बसतो. नायलॉन सुमारे २२० अंशांना वितळतं. म्हणून उतरायचं ते संथ, एकसारख्या गतीने, आणि खाली पोचल्यावर तापलेला डिसेंडर दोरावर तसाच ठेवायचा नाही.

शेवटचा माणूस उतरला की दोर खालून ओढून घेतात, कारण पुढच्या टप्प्याला तोच लागतो. तो ओढला की परतीची वाट संपली. हवामानाचा अंदाज आत शिरण्याआधी बघायचा तो याच कारणाने.

ओढलेला दोर काठाच्या मऊ वालुकाश्मावर घासत येतो. वाळू लागलेला दोर हीसुद्धा एक कानसच. वर्दळीच्या घळींत काठांवर दोरांनी पाडलेल्या खोल खाचा दिसतात, आपल्या जुन्या विहिरींच्या काठावर पोहऱ्याच्या दोराने पडतात तशा. कधी कधी दोर त्यांतच अडकून बसतो. जाणकार मंडळी आता अँकरच्या, म्हणजे दोर जिथे बांधतात त्या आधाराच्या, पट्ट्या लांब ठेवतात आणि दोर जिच्यातून ओवायचा ती कडी काठाच्या पलीकडे लोंबती सोडतात. दोर ओढताना मग तो मोकळ्या हवेतून सरसर खाली येतो आणि काठावरची वाळू जागची हलत नाही.