कॅरमला सॅनिटायझर मारू नका!
(2021 च्या कोरोना लॉकडाऊनमध्ये घरी कॅरम खेळणाऱ्या आमच्या सर्व गिऱ्हाईकांसाठी तेव्हा काढलेलं पत्रक)

नमस्कार मंडळी,

आमच्या कॅरमच्या दुकानाचं शटर खाली आहे, पण फोन थांबत नाही. सकाळी नऊपासून एकच तक्रार : "ओ काका, बोर्डावर पांढरे डाग पडलेत, सोंगटी मधेच थांबतीया." मी विचारतो, "सॅनिटायझर मारलासा काय?" मग पलीकडं जरा शांतता. मागून कुणीतरी हळूच म्हणतं, "मी सांगत होते तुम्हांला."

प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून हे पत्रक. व्हॉट्सअॅपवर पुढं पाठवलं तरी आमची हरकत नाही.

2020 च्या मार्चअखेर सगळं बंद झालं. तालमीतले बोर्ड कुलपात गेले, मैदानावरचा फुटबॉल थांबला, कोल्हापुरातल्या रंकाळा तलावावरची संध्याकाळची फेरी गेली आणि घरोघरी माळ्यावरचं कॅरम खाली आलं. 2021 हे दुसरं वर्ष. बातम्या बघून डोकं जड होतं, पोरं मोबाईलमधून मान वर काढत नाहीत. अशा वेळी घरातले चौघं एका बोर्डाभोवती बसतात, आजी चष्मा पुसून राणीवर नेम धरते, हे आमच्या धंद्याचं आहे म्हणून सांगत नाही, पण त्यानं घरात खरंच फरक पडतो. म्हणूनच बोर्ड खराब झाला की आम्हालाही वाईट वाटतं. (दुरुस्तीचे पैसे मिळतात हेही खरं.)

तर मुद्दा सॅनिटायझरचा.

प्लायवर जो गुळगुळीत, चकाकता थर दिसतो, तो पॉलिशचा. जुन्या बोर्डांना लाखेचं पॉलिश असतं आणि लाख आम्ही स्पिरिटमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्येच, विरघळवून लावतो. तुमच्या सॅनिटायझरमध्ये 70 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं. म्हणजे जे पॉलिश ज्यात विरघळतं, तेच तुम्ही वरून फवारताय. नव्या बोर्डांना लॅकर, म्हणजे रासायनिक पॉलिश असतं. तो लगेच विरघळून येत नाही, पण मऊ पडतो, पांढुरका होतो. त्यात कुणी जुन्या बनियननं घसाघसा पुसलं की थरच फडक्याला येतो. पुढची चूक याहून मोठी. सोंगटी अडकते म्हणून लोक त्या डागावर मूठभर पावडर ओततात. मऊ झालेल्या पॉलिशमध्ये ती रुतून बसते, आणि वाळल्यावर तिथं पॉलिशपेपरसारखी खरखरीत जागा तयार होते.

ओलं फडकंही नको. डेटॉलचं पाणी तर नकोच नको. कडेच्या फटीतून पाणी आत गेलं की प्लाय फुगतो, आणि फुगलेला प्लाय परत बसत नाही. 2019 च्या महापुरात भिजलेले कितीतरी बोर्ड लोकांनी आमच्याकडं आणले होते. पैसे घेऊन खोटी आशा लावण्यापेक्षा आम्ही सरळ सांगितलं, चुलीत घाला. काहींना राग आला. असो.

मग करायचं काय? बोर्ड धुवायचा नाही, हात धुवायचे. साबणानं 20 सेकंद, आणि मग कोरडे खडखडीत पुसायचे. हाताला सॅनिटायझर लावलाच तर तो पुरता वाळेपर्यंत स्ट्रायकर उचलू नका. स्ट्रायकर साबणाच्या पाण्यात धुतला तर चालतो, पण अॅक्रिलिकच्या स्ट्रायकरला अल्कोहोल नको, त्यानं बारीक तडे जातात. लाकडी सोंगट्या कोरड्या फडक्यानंच पुसायच्या. भिजल्या की त्यांचा आकार जातो. शेजारच्यांकडून बोर्ड आणला असेल तर तीन दिवस एका कोपऱ्यात नुसता ठेवून द्या. आमच्याकडं भाड्यानं गेलेला बोर्ड परत आला की आम्हीही तेच करतो. "आत्ताच आला ना, मग द्या की लगेच" म्हणून कितीही गळ घातली तरी देत नाही. आणि घरात कुणाला ताप-खोकला असेल तर कॅरम कुठं पळून जात नाही.

पावडरबद्दलही दोन शब्द. 2020 च्या लॉकडाऊनला पावडर संपली तेव्हा लोकांनी काय काय वापरलं, ऐकून हसावं की रडावं कळेना. अंगाला लावायची पावडर दमट हवेत गोळा होते. मैद्याला मुंग्या लागतात. एकानं तर रांगोळी टाकली! रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, तिनं बोर्डावर ओरखडे पडले. कॅरमची पावडरच घ्या आणि चिमूटभरच टाका. छोट्या डबीत घरच्या खेळाचा महिना सहज निघतो. बोरिक पावडर वापरत असाल तर लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, पोटात गेली तर विषारी आहे. तोंडानं फुंकर मारून पावडर उडवायची सवय तर या दिवसांत सोडाच, मऊ ब्रश वापरा. भडंगाची ताटली बोर्डापासून लांब. तेलकट बोटाचा डाग सॅनिटायझरपेक्षा बरा, एवढंच.

बोर्ड भिंतीला तिरका टेकवून ठेवू नका. पावसाळ्यात आपल्या भिंतींना ओल येते, बोर्ड खालून ओल धरतो आणि मधे पोट काढतो. पलंगाखाली आडवा सरकवा, वर जुनी चादर. खेळायला बसताना मधोमध काचेची गोटी ठेवून बघा. ती घरंगळली तर ज्या बाजूला गेली तिथं स्टुलाखाली पुठ्ठा सारा. "बोर्डच वाकडा दिलासा" या तक्रारीत बऱ्याचदा स्टूल वाकडं निघतं.

नियमांवरून होणारी भांडणं मिटवायलाही फोन येतात. सून एका गावची, सासू दुसऱ्या, दोघींचे नियम वेगळे. स्पर्धेतला नियम असा : 9 काळ्या, 9 पांढऱ्या, एक राणी, ब्रेक (पहिला फटका) करणाऱ्याच्या पांढऱ्या, राणी घेतली की लगेच आपली एक सोंगटी घेऊन कव्हर द्यावं लागतं, राणीचे 3 गुण, 25 गुण किंवा 8 बोर्ड (म्हणजे डाव) झाले की गेम संपला. घरात लहान मुलं असतील तर आपला जुना पॉइंटचा खेळच बरा : काळीला 10, पांढरीला 20, राणीला 50. हिशेब पोरांना करायला द्या. अंगठ्यानं मारायचं की नाही, ते ब्रेकच्या आधी ठरवा. हरायला लागल्यावर नव्हे. स्ट्रायकर 15 ग्रॅमच्या आतला हवा. तालमीतल्या पोरांना जड स्ट्रायकरचा शौक असतो, पण त्यानं सोंगट्या फुटतात आणि फ्रेमचे सांधे सुटतात. योग्य वजनाचे आमच्याकडं आहेत.

बोर्ड दुरुस्तीला आलाय आणि घरात करमत नाही, असंही होतं. तोवर फरशीवर खडूनं पाच बाय पाच घरं आखा आणि अष्टचंग खेळा. कवड्या नसतील तर चिंचोके घासून अर्धे करा : चार उताणे पडले तर चार, चारही पालथे पडले तर आठ. बाकीचं आजीला विचारा. याला आमच्याकडून काहीच घ्यावं लागत नाही.

आता आमच्यावरचा नेहमीचा आरोप : "एवढ्याशा डागाला दहा दिवस?" कारण नुसत्या डागावर पॉलिश मारता येत नाही. कडेला उंचवटा येतो आणि सोंगटी उडी मारते. 29 इंचाचा अख्खा पृष्ठभाग घासावा लागतो. रेषा पॉलिशच्या खाली असतात, घासताना त्या पुसट होतात, पुन्हा आखाव्या लागतात. (म्हणूनच घरी पॉलिशपेपर मारू नका. एकानं मारला, बाण आणि वर्तुळ दोन्ही गेलं.) मग थरावर थर, प्रत्येक वाळू द्यायचा. त्यात मृग लागला. पावसाळी हवेत लॅकर मारला तर ओलावा थरात अडकून बोर्ड दुधासारखा पांढरा होतो. झड असेल त्या दिवशी आम्ही ब्रशला हातच लावत नाही. लवकर देणारे आहेत, त्यांच्याकडं जरूर जा; मागाहून तोच बोर्ड आमच्याकडं येतो.

डाग आधीच पडला असेल तर एक दिवस हात न लावता वाळू द्या, कोरड्या सुती फडक्यानं हलकं पुसा, पावडर टाकू नका, आणि उजेडात फोटो काढून पाठवा. घरी भागण्यासारखं असेल तर तसं सांगू, त्याचे पैसे नाहीत.

बोर्ड आणायचा तर आधी फोन करा. जुन्या चादरीत गुंडाळा, दोरी फ्रेमवरून बांधा, रिक्षात उभा धरा. सोंगट्या मात्र घरीच ठेवा. एक काळी कमी निघाली की वर्षभर आमच्या नावानं बोलणं होतं.